शाईपेनाची जन्मपत्रिका

जुन्या शाईपेनाचे मॉडेल ओळखणे आणि त्याचे वय ठरवणे ही दोन वेगळी कामे आहेत. मॉडेल म्हणजे कारखान्याने त्या जातीच्या पेनाला दिलेले नाव किंवा आकडा. वय म्हणजे हातातले हे एक पेन कधी घडले ते साल. मॉडेल कळले की वयाची कक्षा आखता येते, पण ती बहुधा फार रुंद असते. ‘पार्कर 51’ एवढे समजले, तर पेन 1941 ते 1972 या काळातले अमेरिकन घाटाचे आहे इतकेच हाती लागते. या एकतीस वर्षांतले नेमके कोणते, हे कळण्यासाठी पेनाचा एकेक भाग सुटा करून वाचावा लागतो.

या वाचनाचा नियम साधा आहे. पेनावरची बहुतेक प्रत्येक खूण ‘याच्या आधीचे नाही’ एवढेच ठामपणे सांगते. पेटंटची तारीख 1908 असली म्हणून पेन 1908चे ठरत नाही. पेटंटचा ठसा पुढे कित्येक वर्षे तसाच उमटत राहतो. म्हणून पेनावरची जी खूण सर्वांत उशिरा अस्तित्वात आली असेल, तिथून त्याचे वय मोजायला सुरुवात करायची. मात्र ती खूण मूळ भागावर हवी. वाड्याला नवे कुलूप लागले म्हणून वाडा नवा होत नाही.

अशा वाचनासाठी वडोदऱ्याचे उदाहरण घेऊ. गोत्री हे एके काळचे गाव आज या शहराचे पश्चिमेकडील उपनगर आहे. दांडिया बाजार किंवा शियाबागेतले जुने मराठी घर आवरून कुटुंब अशा नव्या वस्तीतल्या फ्लॅटमध्ये आले, की कागदपत्रांच्या पेटीत, शिवणाच्या डब्यात किंवा कपाटाच्या खणात एखादे बंद पडलेले शाईपेन निघते. बडोदे संस्थान हे लेखणीवर चालणारे राज्य होते. तिसऱ्या सयाजीराव महाराजांनी 1906 साली संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. कारकून, शिक्षक, वकील, अंमलदार अशी लिहिणारी माणसे घरोघर होती आणि बोरू व टाकानंतर त्यांच्या खिशाला झरणी, म्हणजे शाईपेन, लागली. त्यामुळे अशा पेनाचा शोध घ्यायला वडोदऱ्यात पेनाबाहेरचे पुरावेही भरपूर सापडतात. त्यांचा विचार पुढे येईलच. सुरुवात मात्र पेनापासूनच करायची.

धुण्याआधी पाहणी

सापडलेले पेन लगेच चकचकीत करण्याचा मोह आवरावा. नळीवरचा कारखान्याचा ठसा केसाएवढा खोल असतो. दोन-चार वेळा पॉलिश मारले की तो जातो, आणि त्याबरोबर पेनाचे नाव-गावही जाते. सोनार वापरतात तसले दहापट मोठे दाखवणारे भिंग, एक टॉर्च, एक पट्टी आणि पातळ कागद एवढे सामान पुरते. टॉर्चचा प्रकाश वरून न टाकता नळीला समांतर, बाजूने टाकला, की झिजलेल्या अक्षरांच्या सावल्या उठून दिसतात. कागद ठशावर ठेवून शिसपेन्सिल आडवी फिरवली, तर अक्षरे कागदावर उमटतात.

पेन सुकलेल्या शाईने जाम झाले असेल तर निब व मानेचा भाग साध्या गार पाण्यात भिजत ठेवावा. गरम पाण्याने काळे एबोनाइट तपकिरी पडते. स्पिरिटने सेल्युलॉइडची नासाडी होते. केसीन या दुधापासून बनवलेल्या पदार्थाचे पेन असेल तर ते पाण्याने फुगते, म्हणून पेन कशाचे आहे हे कळण्याआधी ते अख्खे पाण्यात बुडवू नये.

पेन कशाचे आहे

सुरुवातीची पेने एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची. जुने काळे एबोनाइट उजेडाने आणि दमटपणाने शेवाळी-तपकिरी होते. टोपणाखाली झाकलेला भाग काळाभोर आणि उघडी नळी तपकिरी असेल, तर ओळख जवळपास पटलीच. दुसरी खूण नाकाची: अंगठ्याने नळी जोरात घासून लगेच हुंगली तर एबोनाइटला गंधकाचा वास येतो, सेल्युलॉइडला कापराचा. तापलेली सुई टोचून पाहण्याचा उपाय मात्र करू नये. सेल्युलॉइड क्षणात भडकते.

1924च्या सुमारास अमेरिकेच्या शेफर कंपनीने रंगीत सेल्युलॉइडची पेने बाजारात आणली आणि 1926 साली पार्करनेही रबर सोडून तीच वाट धरली. दुसऱ्या महायुद्धानंतर साच्यात ओतलेले प्लास्टिक आले. हा क्रम एकाच मॉडेलचे दोन काळही वेगळे करून दाखवतो. पार्करचे ‘ड्युओफोल्ड’ 1921 साली निघाले. ते लाल एबोनाइटचे असेल तर पहिल्या पाच-सहा वर्षांतले, सेल्युलॉइडचे असेल तर त्यानंतरचे. याच नावाची वेगळीच पेने युद्धानंतर इंग्लंडमध्ये बनली आणि कंपनीच्या शताब्दीच्या सुमारास, 1980च्या दशकाअखेर, हेच नाव पुन्हा एकदा वापरले गेले. एका नावाच्या या तीन पिढ्या आहेत. म्हणून नुसत्या नावावर विसंबून चालत नाही.

शाई भरायची रीत

पेनाच्या पोटात शाई कशी जाते, ही वयाची सर्वांत बोलकी खूण. 1884 साली न्यूयॉर्कच्या वॉटरमनला पेटंट मिळाले तेव्हा पेनाची मान फिरवून काढायची आणि ड्रॉपरने नळीत शाई सोडायची, हीच पद्धत होती. 1905 साली लंडनच्या ‘ओनोटो’ने दट्ट्या ओढून शाई भरण्याची सोय केली. 1908 साली अमेरिकेतील वॉल्टर शेफरला बाजूच्या खटक्याचे पेटंट मिळाले: नळीच्या कुशीतला धातूचा खटका उचलला की आतली रबरी पिशवी दाबली जाते आणि सोडला की शाई आत ओढली जाते. 1929 साली जर्मनीच्या पेलिकनने मागची गुंडी फिरवून चालणारा पिस्टन आणला, 1933 साली पार्करचे ‘व्हॅक्युमॅटिक’ आले, 1948 साली ‘पार्कर 51’मध्ये दाबपट्टीची ‘एरोमेट्रिक’ रचना बसली, 1952 साली शेफरचे सोंड बाहेर काढून शाई पिणारे ‘स्नॉर्केल’ आले. तयार शाईच्या नळकांड्यांचा, म्हणजे कार्ट्रिजचा, सर्रास वापर त्यानंतरचा.

ही साखळी परदेशी पेनांना लागू पडते. देशी पेनांना ती जशीच्या तशी लावली की हिशेब फसतो, कारण ड्रॉपरने भरायची एबोनाइटची पेने भारतात आजही लेथवर घडवली जातात. त्यांचा विचार पुढे वेगळा केला आहे.

निब आणि तिच्यावरची अक्षरे

निब हा पेनाचा सर्वांत जास्त वेळा बदललेला भाग. ती पडते, वाकते, पोलादी असेल तर शाईने गंजते. त्यामुळे निबेवरून पेनाचे साल ठरवायचे नाही, फक्त इतर खुणांशी तिचा मेळ बसतो का ते पाहायचे.

निबेवरच्या आकड्यांनी पुष्कळांची फसगत होते. ‘585’ हा मॉडेलचा आकडा नव्हे. सोन्याच्या हजार भागांत 585 भाग शुद्ध सोने, म्हणजे चौदा कॅरट, असा त्याचा अर्थ. मोंब्लांच्या निबेवरचा ‘4810’ ही त्या नावाच्या पर्वताची मीटरमधली ढोबळ उंची आहे. ‘वॉरंटेड 14 कॅरट’ एवढेच लिहिलेली निब कोणत्याही पेनाला बसवलेली असू शकते. ‘इरिडियम पॉइंट जर्मनी’ ही कंपनी नाही, आणि तसे छापलेले पेन जर्मनीत बनले असेलच असे नाही. याउलट 1960-70च्या दशकांतील काही जपानी पायलट निबांवर खरी तारीख असते. ‘H374’ म्हणजे हिरात्सुका कारखाना, मार्च 1974.

ठसे, ठिपके आणि पिल्ले

देशाचे नावही काळ सांगते. ‘ऑक्युपाइड जपान’ असा ठसा युद्धानंतरच्या ताब्याच्या काळातला, 1952पर्यंतचा. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर पेन 1949 ते 1990 यांमधले. पार्करवर ‘मेड इन इंडिया’ असेल तर ते लक्झर कंपनीने 1996 पासून भारतात बनवलेल्या पेनांपैकी.

काही कारखान्यांनी मॉडेलच्या आकड्यातच माहिती भरून ठेवली. वॉटरमनचा आकडा नळीच्या बुडाशी असतो. ‘52’ यातला 2 हा निबेचा आकार आणि 5 म्हणजे खटक्याने भरणारे पेन. वॉटरमनने खटका 1915च्या सुमारास स्वीकारला, म्हणून ‘52’ त्याआधीचे असू शकत नाही. ‘452’ असेल तर त्यावर चांदीचे वेष्टण आहे. वेष्टण ब्रिटिश चांदीचे किंवा सोन्याचे असेल तर त्यावरच्या हॉलमार्कमध्ये सालाचे अक्षरही असते. असे पेन एका वर्षापर्यंत ओळखता येते. लंडनच्या कॉनवे स्टुअर्टचे आकडे मात्र कालक्रमाने चढत जात नाहीत. ‘58’ हे ‘28’नंतरचे असे तिथे गृहीत धरता येत नाही. शेफरच्या टोपणावरचा पांढरा ठिपका 1924 पासूनचा.

पेलिकनच्या बोधचिन्हातली पिल्ले मोजावीत. घरट्यात चार पिल्ले असतील तर पेन 1930च्या दशकाअखेरपर्यंतचे, दोन असतील तर त्यानंतरचे आणि एकच असेल तर 2003 नंतरचे.

सर्वांत नेमकी पद्धत पार्करची. अमेरिकेतल्या जेन्सव्हिल कारखान्याने 1934 पासून 1950च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत नळीवर तारखेची खूण उमटवली. 1938 नंतरच्या पद्धतीत एक आकडा सालाचा शेवटचा अंक दाखवतो आणि त्याच्याभोवतीचे ठिपके वर्षाची तिमाही. तीन ठिपके म्हणजे पहिली तिमाही, दोन म्हणजे दुसरी, एक म्हणजे तिसरी; एकही ठिपका नसेल तर चौथी. ‘51’च्या नळीवर 4 आणि दोन ठिपके असतील, तर ते पेन 1944च्या एप्रिल ते जून या महिन्यांतले. 1980च्या दशकापासून पार्करने अंकांऐवजी अक्षरे घेतली. QUALITYPEN या दहा अक्षरांत Q म्हणजे 0, U म्हणजे 1, असे करत N म्हणजे 9.

देशी पेनांचा पेच

परदेशी पेनाला कारखान्याची कागदपत्रे पाठीशी असतात. देशी पेनाला बहुधा घडवणाऱ्याच्या हाताची खूण तेवढी असते. हैदराबादचे डेक्कन पेन स्टोअर्स 1928चे. राजमहेंद्रीच्या रत्नम यांचे काम 1932चे. स्वदेशीच्या आग्रहातून त्यांनी घडवलेले पेन जे. सी. कुमारप्पा यांच्यामार्फत महात्मा गांधींकडे पोहोचले आणि गांधीजींनी जुलै 1935मध्ये पत्र लिहून त्याची पसंती कळवली. राजमहेंद्रीचेच गायडर 1946चे. मुंबईत विल्सन आणि एअरमेल यांनी पुढे शाळा-कचेऱ्यांचे खिसे भरले. शाईच्या बाजूने पाहिले तर मुंबईतील गिरगावात 1931 साली सुरू झालेली दांडेकर आणि कंपनी, म्हणजे आजची कॅम्लिन, हे मराठी घरांतले ओळखीचे नाव. आधी ‘घोडा’ छापाची शाईची पूड आणि मग ‘कॅमल’ शाई असा तिचा प्रवास झाला.

या पेनांचे वय ठरवताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, नळीवरचा ठसा: नाव, गाव आणि अक्षरांचे वळण. दुसरी, लेथच्या खुणा: हाताने कापलेल्या आट्यांत बारीक उणे-अधिक असते, साच्यातून निघालेल्या प्लास्टिकच्या नळीवर मात्र दोन साच्यांच्या सांध्याची रेघ लांबीभर दिसते. तिसरी, झीज: टोपण वर्षानुवर्षे फिरून आट्यांच्या कडा गोल झाल्या आहेत का, क्लिपचा मुलामा उडून खालचे पितळ उघडे पडले आहे का. एवढे करूनही रत्नमच्या किंवा डेक्कनच्या पेनाचे साल नुसत्या पेनावरून सांगणे अवघड असते, कारण घाट, माल आणि शाई भरायची रीत पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहिली. इथे पेनाबाहेरचा पुरावा कामाला येतो.

पेनाबाहेरचा पुरावा

कोरलेले नाव हा त्यातला सर्वांत मोलाचा पुरावा. कारखान्याच्या खुणा ‘याच्या आधी नाही’ म्हणतात. कोरलेली तारीख मात्र ‘याच्यानंतर नाही’ असे सांगते, कारण पेन आधी बनते आणि नाव नंतर कोरले जाते. बक्षीस, निरोप समारंभ, निवृत्ती अशा निमित्ताने दिलेल्या पेनावर साल कोरलेले असेल, तर पेन त्या सालापर्यंत नक्की बनलेले होते.

वडोदऱ्यात अशा मजकुराला इतिहासाच्या तारखा जोडता येतात. बडोदे संस्थान 1 मे 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झाले; पेनावर संस्थानच्या खात्याचे नाव कोरलेले असेल तर ते बहुधा त्याआधीचे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापनाही 1949ची. विद्यापीठाचे नाव असेल तर कोरीवकाम त्यानंतरचे, पेन मात्र त्याहून जुनेही असू शकते. इंग्रजीत ‘बरोडा’ऐवजी ‘वडोदरा’ लिहिलेले असेल तर मजकूर बहुधा 1974 नंतरचा, कारण शहराचे अधिकृत नाव तेव्हा बदलले.

डबी आणि पावती टाकून देऊ नये. किंमत रुपये-आण्यांत असेल तर ती 1 एप्रिल 1957च्या आधीची, निदान त्याच्या आसपासची. ‘नये पैसे’ असेल तर 1957 ते 1964 यांमधली. दुकानाच्या पत्त्यात ‘गुजरात राज्य’ असेल तर पावती 1 मे 1960 नंतरची. पत्त्यापुढे सहा आकडी पिनकोड असेल तर 15 ऑगस्ट 1972 नंतरची. अर्थात डबी आणि पेन एकमेकांचेच आहेत याची खातरजमा आधी करावी लागते.

घरची आठवणही पुरावाच असतो, पण ती कोणाकडून आणि कशी आली हे लिहून ठेवावे. ‘आजोबांचे पेन’ यात आजोबांच्या आयुष्यातली तीन-चार पेने एकवटलेली असतात.

एक पंचनामा

या सगळ्याची सांगड कशी घालायची हे एका काल्पनिक नमुन्यावरून स्पष्ट होईल. गोत्रीतल्या एका फ्लॅटमध्ये काळे पेन निघाले आहे. टोपण मंद चकाकीचे, पोलादी. क्लिप बाणाच्या आकाराची, तिच्यावर छोटा निळा हिरा. निब जवळजवळ सगळी आत लपलेली. नळीवर इंग्रजीत एक नाव आणि ‘1954’ असे कोरलेले. घरातली समजूत अशी, की सयाजीराव महाराज गेले त्या वर्षी, म्हणजे 1939 साली, हे पेन आणले होते.

लपलेली निब आणि बाणाची क्लिप यांवरून ‘पार्कर 51’ सुचते. पण चिनी ‘हिरो’नेही हाच घाट उचलला आहे, म्हणून आधी ठसा वाचावा. टोपणाच्या कडेशी ‘पार्कर’ आणि नळीवर ‘मेड इन इंग्लंड’ सापडते. हिरोचा संशय मिटला. ‘51’ची विक्री 1941 साली सुरू झाली, म्हणून 1939 हे साल बाद होते.

नळी फिरवून उघडली की आत धातूची नळकांडी आणि दाबपट्टी दिसते. म्हणजे एरोमेट्रिक, 1948 किंवा त्यानंतरचे. कोरलेले साल 1954. मधली फक्त सहा वर्षे उरली.

आता क्लिप. निळा हिरा पार्करने 1939 ते 1947च्या सुमारास वापरला. 1948 नंतरच्या इंग्लिश नळीवर असे टोपण मुळात असण्याची शक्यता फार कमी. टोपण आणि नळी यांच्या खुणा जुळत नाहीत. दोन पेनांचे भाग जोडून एक पेन बनवण्याचा हा प्रकार दुरुस्तीच्या दुकानात नेहमीचा होता, आणि पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात विकायला येणाऱ्या पेनांतही तो आढळतो. संग्राहकाच्या दृष्टीने अशा पेनाची किंमत उतरते. घराच्या दृष्टीने टोपण हाच नवा धागा ठरतो. हे टोपण घरातल्याच आधीच्या पेनाचे असेल, तर जुन्या पेनाची आठवण या पेनाला चिकटली असण्याची शक्यता आहे.

पंचनाम्याची चिठ्ठी मग अशी होईल: ‘पार्कर 51, एरोमेट्रिक, इंग्लंड. नळी 1948 ते 1954. टोपण बहुधा आधीच्या पेनाचे, 1947च्या सुमारापर्यंतचे. 1939ची आठवण कौटुंबिक. पेनाशी जुळत नाही.’ प्रत्येक विधानापुढे ते कोणत्या खुणेवरून काढले तेही लिहावे, म्हणजे पुढे कोणी भिंग घेऊन बसले तर त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. चिठ्ठी पेनाच्या डबीतच ठेवावी. आणि ज्या सालाला खूण नाही, ते साल तिच्यावर लिहू नये.